थेंबाचा डाग

दोन हजार अठरा साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि माझ्या उजव्या अंगठ्याएवढा शहाणा अंगठा सबंध नाशकात नाही, अशी माझी खात्री होती. त्याच वर्षी त्या अंगठ्याने मला खोटं पाडलं.

आधीच सांगतो, माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे सगळं मी वहीत लिहिलं आणि नातीने शुद्धलेखन तपासलं. तपासता तपासता तिने काही ठिकाणी माझं बोलणं मऊ करून टाकलं होतं. ते मी खोडलं आणि होतं तसं परत लिहिलं. दिवाळी अंकात सगळ्यांनी गोडच लिहावं असा काही कायदा नाही.

माझा धंदा मालिशचा आणि मालिशबरोबर पाठीला पेले लावायचा. आता त्याला कपिंग म्हणतात, आमच्याकडे तुंबडी म्हणायचे. माझे वडील, म्हणजे अण्णा, पंचवटीतल्या एका तालमीत पैलवानांना रगडायचे. आजोबांकडे म्हशीच्या शिंगाची तुंबडी होती. शिंगाच्या टोकाला भोक असायचं, तिथून तोंडाने हवा ओढायची आणि भोक मेणाने बंद करायचं. अण्णांनी शिंग सोडलं आणि काचेचे सहा पेले आणले. जाड, हिरवट काच, तोंडाने फुंकून केलेली. एकाचा काठ दुसऱ्यासारखा नाही. त्यातल्या सगळ्यात मोठ्या पेल्याचा काठ एका बाजूला जरा बसलेला होता, म्हणून त्याचं नावच 'बसका' पडलं. मोठ्या पाठीला बसकाच लागायचा.

ज्यांनी हे बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी तेल लावून पाठ मोकळी करायची. मग चिमट्यात कापसाचा बोळा धरायचा, तो स्पिरिटमध्ये बुडवून नीट पिळायचा आणि पेटवायचा. पेटता बोळा पेल्याच्या आत एकदा फिरवून बाहेर काढायचा आणि पेला लगेच पाठीवर बसवायचा. आतली हवा जाळाने पातळ झालेली असते. पेला गार झाला की तो कातडी वर ओढून घेतो आणि कातडी आत पुरीसारखी फुगते. काढताना पेला ओढायचा नसतो. काठाशेजारी बोटाने कातडी दाबायची, हवा आत शिरते आणि पेला आपोआप सुटतो. मागे पिकल्या जांभळासारखा गोल डाग राहतो, तो आठवड्यात जातो. याने आजार बरा होतो असं मी आयुष्यात कधी म्हटलं नाही. आखडलेलं सैल होतं, एवढंच म्हटलं. डॉक्टर काय म्हणतात ते डॉक्टरांना विचारा.

यात एकच धोका. बोळा आत जास्त रेंगाळला किंवा एका बाजूला टेकला, तर पेल्याचा काठ तापतो आणि तो काठ माणसाला भाजतो. म्हणून अण्णांचा नियम होता, प्रत्येक पेला आधी आपल्या अंगाला, मग गिऱ्हाइकाच्या. ते काठ स्वतःच्या खालच्या ओठाला टेकवायचे. ओठ खोटं बोलत नाही म्हणायचे.

गिऱ्हाइकं काय एकेक. तालमीत एक पैलवान होता, समोर कोणी का उभा राहीना, मागे सरकायचा नाही. पण जाळाला भ्यायचा. चार पेले लावून झाले होते. पाचव्यासाठी बोळा पेटलेला दिसला तसा तो उठला आणि चार पेले पाठीवर घेऊन थेट गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, घाटाकडे पळत सुटला. अण्णा मागून ओरडत होते, "अरे, तू नाही आलास तरी चालेल, पेले परत आण!" नंतरच्या काळात एक द्राक्षाचा व्यापारी यायचा. टीव्हीवर कुठल्याशा पोहणाऱ्याच्या पाठीवर डाग बघितले, तेव्हापासून यालाही हवे. "काका, डाग सरळ लाईनीत आले पाहिजेत हं, फोटोत बरे दिसतात." दुखतंय कुठे विचारलं तर म्हणे, "दुखत कुठेच नाही हो!" आणि एक बँकेतल्या बाई होत्या. मानेला हात लावला की झोपून जायच्या. उठवलं की रडायच्या. का रडता असं मी कधी विचारलं नाही. आमच्या धंद्यात पाठ बोलते, तेवढं ऐकायचं.

मी कधी कोणाला काही विचारलं नाही, याचा मला फार अभिमान. कुठे दुखतं हे बोटं सांगायची. माणूस खुर्चीवर बसणारा की पोती उचलणारा, कुठल्या कुशीवर झोपतो, हे मी पाठीवर हात ठेवून सांगायचो आणि लोक तोंडात बोट घालायचे. तो अभिमानच पुढे नडला.

तालमी ओस पडल्या तेव्हा गंगापूर रोडच्या एका वेलनेस सेंटरने मला बोलावलं. काचेची दारं, भिंतीतून येणारी बासरी, उदबत्तीऐवजी कसल्याशा तेलाचा वास. मालकीण म्हणजे नीता मॅडम, बोलायला गोड, वागायला कडक. त्यांनी माझ्या हातांचा मोठा फोटो काढून भिंतीवर लावला. खाली लिहिलं, तीन पिढ्यांचा हात. पेले माझेच वापरायचे असं ठरलं. फक्त एक अट, ओठाला लावायचे नाहीत.

"काका, हायजीन नावाची गोष्ट असते. क्लायंट बघतात."

"मग काठ तापला की नाही हे कळणार कसं?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही एक्सपर्ट."

मी म्हटलं, ठीक आहे, माझा अंगठा आहे. तेव्हापासून मी पेल्याचा काठ उजव्या अंगठ्याच्या पेराने तपासायला लागलो.

मदतीला यमुना होती. पेठ तालुक्याकडची, पस्तिशीची, नवरा नाही, मुलगी बारावीत. दोघी मखमलाबाद नाक्याजवळ एका खोलीत राहायच्या. तेल ती लावायची. माझा हात जरा थरथरायला लागला तसा बोळाही तीच फिरवायला लागली. ती पेला माझ्या हातात द्यायची, मी अंगठ्याने काठ बघायचो आणि पाठीवर बसवायचो. तिचा हात चांगला होता. हे मी तिला तोंडावर कधी म्हटलं नाही, आता लिहून काय उपयोग.

एक दिवस ती म्हणाली, "बाबा, अंगठा नका लावू. मनगटाला लावून बघा, आतल्या बाजूनं. बाळाचं दूध बघतात ना, तसं. तिथली कातडी कवळी राहते."

मी म्हटलं, "तू मला शिकवणार आता? तुझ्या जन्माआधीपासून मी हे करतोय."

"शिकवत नाय बाबा. सांगतेय फक्त."

"सांगू पण नको."

ती हसली आणि गप्प बसली. तिला मुलीला नर्स करायचं होतं, त्यासाठी ही नोकरी हवी होती. गप्प बसणं तिला परवडणारं होतं आणि मला तिचं गप्प बसणं आवडायचं. खरं ते लिहितो.

एप्रिलमध्ये एक साहेब आले. ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पाठ दरवाजाएवढी. मी बसका घेतला. यमुनाने बोळा फिरवून पेला दिला, मी अंगठा टेकवला, गार वाटला, मी बसवला. साहेब असे ओरडले की बासरी बंद करावी लागली. पेला काढला तर डाव्या खांद्याखाली कातडी लाल होऊन सुटायला लागली होती. मॅडम धावत आल्या. साहेब म्हणाले, "कोर्टात खेचीन! एकेकाला सोडणार नाही!"

मॅडमनी आधी त्यांना दवाखान्यात नेलं. परत आल्यावर आम्हा दोघांना समोर उभं केलं. मी म्हटलं, "मी काठ तपासला होता. गार होता." आणि ते मला खरंच तसं वाटत होतं. मॅडम यमुनाकडे वळल्या. "म्हणजे तुझा बोळा ओला राहिला. पेटतं स्पिरिट ठिबकलं पाठीवर. बरोबर?"

यमुना म्हणाली, "नाय मॅडम. मी पिळला होता."

मॅडमनी फोनमधला फोटो पुढे केला. साहेबांच्या पाठीवर पेल्याचा जांभळा गोल होता आणि त्यातच भाजलेलं. बाहेरच्या माणसाला त्यातलं काही कळलं नसतं. कळणारी माणसं त्या खोलीत दोनच होती.

यमुनाने तो फोन माझ्यासमोर धरला. "बाबा, तुमीच सांगा. हा थेंबाचा डाग हाय का? तुमी सांगाल ते मी मानीन."

मी फोटो बघितला. थेंब ठिपका पाडतो, फार तर ओघळ. हे अर्ध्या बांगडीसारखं होतं, कडेकडेने, आणि एका जागी जरा आत बसलेलं. मला जे दिसायचं ते दिसलं. पण माझा अंगठा गार म्हणाला होता. पन्नास वर्षं त्या अंगठ्यावर मी घर चालवलं होतं. भिंतीवर त्याचा फोटो होता. एका बाजूला तो अंगठा आणि दुसऱ्या बाजूला पेठची एक बाई, जी मला मनगट शिकवत होती.

मी म्हटलं, "थेंबाचाच आहे."

यमुनाने फोन मॅडमच्या हातात दिला, ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि गेली. मॅडमनी साहेबांना कळवलं की चूक करणारीला काढलं आहे. अशा सेंटरवाल्यांचा मोबाईलवर ग्रुप असतो, त्यातही यमुनाचा फोटो फिरला. तिला नाशकात कुठेच कोणी उभं केलं नाही. महिन्याभरात तिने खोली सोडली आणि मुलीला घेऊन गावी गेली. हे मला आमच्या झाडूवाल्या मावशींनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी काम करत राहिलो. जेवण जायचं, झोप लागायची. फार वाईट वाटलं, डोळ्याला डोळा लागला नाही असलं काही लिहिलं तर ते खोटं होईल.

जुलैमध्ये एका संध्याकाळी बायको भाकऱ्या टाकत होती. मी ओट्याला टेकून तिच्याशी काहीतरी वाद घालत उभा होतो. ती एकदम किंचाळली, "अहो, हात! हात काढा, तव्यावर आहे!"

मी खाली बघितलं. माझा उजवा अंगठा तापल्या तव्याच्या कडेवर टेकलेला होता आणि तिथून वास येत होता. मला काहीच कळलं नव्हतं. वीस मोजेपर्यंत ठेवला असता तरी कळलं नसतं.

बायकोने हात नळाखाली धरला. ती बडबडत होती, साखर वाढलीय, गोळ्या घेत नाही, हातपाय बधिर होतील म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऐकतंय कोण. मी दुसऱ्या हाताने अंगठ्याला चिमटा काढला. मग बोटांना. मग मनगटाच्या आतल्या बाजूला. तिथे मात्र दुखलं. चांगलं दुखलं.

किती वर्षं तो अंगठा मेलेला होता, देव जाणे. मी त्याला घट्टा समजत होतो. कामाने आलेला घट्टा, मानाचा.

सकाळी जाऊन मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "काका, तो विषय मिटलाय. साहेब शांत झालेत. आता हे उकरून काढलं तर ते परत कोर्टाचं बोलतील. तुम्ही पेले लावू नका, नुसतं उभं राहा, नवीन मुलगी लावेल. लोक तुमच्या नावावर येतात."

"आणि यमुना?"

"तिला काय, तिकडे शेती असेल ना."

मला चीड आली. पण काय बोलणार? एप्रिलमध्ये मीही तसंच काहीतरी मनात म्हटलं असेल.

मी पेले फडक्यात गुंडाळले आणि सेंटरमधून निघालो, तो थेट पेठची बस धरली. पेठच्या अलीकडे उतरून विचारत विचारत पाड्यावर गेलो. भातलावणी चालू होती. यमुना दुसऱ्याच्या खाचरात गुडघाभर चिखलात वाकलेली होती. मला बघून उभी राहिली, हात धुतले आणि म्हणाली, "बाबा? इतक्या लांब? चला, घरी चहा घ्या." मला वाटलं होतं शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगी घरात नव्हती, तीही लावणीला गेली होती. कॉलेजची पुस्तकं कपाटावर एका पिशवीत बांधून ठेवलेली दिसली. यमुनाने चुलीवरून उतरवलेला चहा स्टीलच्या पेल्यात ओतून पुढे केला. स्वतःचा पेला तिने पदराने धरला होता. मी माझा उघड्या हाताने घेतला आणि तसाच धरून बसलो, कारण बोलायचं कसं हे ठरत नव्हतं. तिने माझ्या हाताकडे बघितलं. अंगठ्याच्या पट्टीकडे बघितलं. मग चहाच्या वाफेकडे.

"कवापासून?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"म्हंजे तवा बी."

"हो. तेव्हापण."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मी म्हटलं, "यमुना, माझं चुकलं. काठाचाच डाग होता. मला फोटोत दिसला होता."

"ते मला ठाऊक हाय बाबा. मी पण बघितला होता की. लय चांगलं दिसत होतं, बसक्याचा काठ." तिचा आवाज काही चढला नाही. "मला सांगून काय उपेग? मला ठाऊक नव्हतं का? ज्याला ठाऊक नाय, त्याला सांगा."

"मॅडमना सांगितलं मी."

"मॅडम नाय. ज्याची पाठ हाय, त्याला. त्यो मानूस आजून म्हनत आसंल, पेठच्या बाईनं जाळलं."

"तो कोर्टात जाईल."

"जाईल," ती म्हणाली. "तुमी माझ्या वक्ताला नाय घाबरले. आता सोतावर आलं तवा घाबरता व्हय?"

मी चहा पिऊन टाकला. जीभ भाजली, तेवढं मात्र कळलं. निघताना ती बांधापर्यंत आली आणि म्हणाली, "मनगटाला लावून बघायचं सांगितलं होतं बाबा मी." आणि परत चिखलात उतरली.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण शेवट गोड करायचा माझा विचार नाही. मी सांगून आल्यावरही साहेब कोर्टात गेले नाहीत. त्यांनी मॅडमना फोन करून खडसावलं. मॅडमनी यमुनाला परत बोलावलं, यमुना आली नाही. आज ती घोटीला तांदळाच्या गिरणीत आहे असं ऐकतो. तिची मुलगी पुढे शिकली की नाही हे मी विचारलेलं नाही. विचारायला तोंड नाही. मी पेले लावणं बंद केलं. सेंटरच्या पाटीवरून माझं नाव उतरलं, भिंतीवरचा हातांचा फोटो मात्र अजून आहे म्हणतात. फोटो चांगला आला होता, अंगठा अगदी पुढे. माझ्या धंद्याबद्दल आजही कोणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. विद्या खोटी नव्हती. नियमही खोटा नव्हता. आधी आपल्या अंगाला, मग दुसऱ्याच्या. माझं अंग मेलं आणि मी ते कबूल केलं नाही, एवढीच गोष्ट आहे.

पाड्यावरून आलो त्या संध्याकाळी बायकोला मी काही सांगितलं नाही. तिने भाजी वाढली, मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून स्वच्छ सदरा घातला, बसका पेला फडक्यात गुंडाळला आणि निमाणी स्टँडवरून ओझरची बस धरली. साहेबांचा बंगला विचारत गेलो. साहेब अंगणात झाडांना पाणी घालत होते, अंगात बनियन. मला ओळखलं आणि नळी हातातच राहिली.

"तुम्ही? आता काय लावायला आलात?"

"काही लावत नाही साहेब. जाळ नाही, काही नाही. फक्त पाठ बघायचीय. आणि वहिनींना दोन आरसे घेऊन बोलवा."

का कोण जाणे, त्यांनी ऐकलं. कदाचित मी पहिल्यांदाच कोणाला विनवून बोललो असेन. वहिनी आल्या, एक आरसा साहेबांच्या हातात दिला, दुसरा मागे धरला. साहेबांनी बनियन वर केलं. जांभळा गोल कधीच गेला होता. डाव्या खांद्याखाली फक्त ती अर्धी बांगडी उरली होती, पांढरट, एका जागी आत बसलेली.

मी पेला फडक्यातून काढला. काठ आधी माझ्या मनगटाला टेकवला. गार होता. मग त्या डागावर ठेवला आणि हळूहळू फिरवत नेला. बसकी बाजू डागाच्या बसक्या जागेवर आली आणि काठ त्यावर तंतोतंत बसला.

"दिसतंय का साहेब? थेंब असा पडत नाही. हा काठ आहे. त्या बाईने पेला माझ्या हातात दिला होता, काठ मी बघायचा होता, आणि मीच लावला."

साहेब आरशात बघत होते. वहिनींनी आरसा खाली केला नाही. मीही पेला काढला नाही. त्यांनी बघून पुरं होईपर्यंत तो तसाच धरून उभा राहिलो.